मुठीतलं दान

भाची बारावीला आहे. तिचे आईबाबा कुणाच्या तरी लग्नाला सांगलीला गेले होते, म्हणून दोन दिवस माझ्याकडे राहायला आली होती. रात्री जेवणं झाल्यावर ती टेबलावर वह्या पसरून बसली आणि मी समोर पावटे सोलायला घेतले. तिला मोठ्याने वाचायची सवय आहे, आणि मला ते आवडतं. घरात कुणीतरी आहे असं वाटतं. "पी ऑफ एक्स इज इक्वल टू एक्स," ती म्हणाली आणि थांबली. परत वाचलं. मग पेन कानामागे खोचून मला म्हणाली, "आत्या, एक्स बरोबर एक्स असण्याची संभाव्यता काढा, असं आहे हे. ती एकच ना? एक्स हा एक्सच असणार. दुसरा कोण असणार?" मी हसले. म्हटलं, अगं, पहिला एक्स कॅपिटल आहे, दुसरा स्मॉल. "ते दिसतंय गं. पण म्हणजे काय?" आणि मी, स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी झालेली बाई, पावट्याचं साल अंगठ्याने सरकवत म्हणाले, "तसं लिहायची पद्धत आहे. लिहून टाक."

तिने लिहून टाकलं.

ती झोपल्यावर मला मात्र झोप लागेना. "लिहून टाक" हे वाक्य माझं नव्हतंच मुळी. पस्तीस वर्षांपूर्वी कॉलेजात, पाय हलवला की कुरकुरणाऱ्या लाकडी बाकांच्या वर्गात, मीही हाच प्रश्न विचारला होता आणि सरांनी फळ्याकडे तोंड ठेवूनच हेच उत्तर दिलं होतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम इंग्रजी. वर्गात तोंड उघडायचं म्हणजे आधी मनातल्या मनात वाक्य जुळवायचं, दोनदा तपासायचं, आणि तोवर सर पुढच्या गणितावर गेलेले असायचे. तो एक प्रश्न मी कसाबसा वेळेत विचारला आणि त्याचं असं झालं. त्यानंतर वर्षभर काही विचारल्याचं आठवत नाही. आता वाटतं, मराठीत विचारला असता तर? पण मराठीत तो लिहिताही येत नाही. आपल्या बीजगणितात क्ष आहे, पण क्ष एकच. आपल्या लिपीत थोरली अक्षरं आणि धाकटी अक्षरं अशी पातीच नाही. मराठी पुस्तकालाही तिथे इंग्रजी एक्स उसना आणावा लागतो, आणि उसनं आणताना कोणी सांगत नाही की हे दोघं भाऊ आहेत की बापलेक.

त्या कॅपिटल एक्सला मराठी पुस्तकात यादृच्छिक चल म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यातली यदृच्छा माझ्या ओळखीची आहे. आजी पहाटे गीता म्हणायची, त्यात चौथ्या अध्यायात 'यदृच्छालाभसन्तुष्टो' यायचं. आपसूक जे हाती येईल त्यात समाधानी असणारा. आजी स्वतः तशी अजिबात नव्हती. भाजीवाल्याने आपसूक दिलेली वांगी ती कधी घ्यायची नाही, टोपली उपसून स्वतः निवडायची. आणि पटावर बसली की यदृच्छेशी तिचं उघड भांडण असायचं.

साताऱ्याकडच्या त्या घरात मे महिन्यात आम्ही सात-आठ पोरं असायचो. दुपारी बाहेर जायची बंदी. मग पडवीतल्या शहाबादी फरशीवर कोळशाने पाच बाय पाच घरांचा पट आखला जायचा, चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी आतल्या घरात फुल्या. सोंगट्या म्हणजे बांगड्यांच्या काचा, शर्टाची बटणं, एखादा बदामाचा तुकडा, जो शेवटपर्यंत टिकायचा नाही. आणि फासे म्हणजे चिंचोके. आजी चिंचोका उभा धरून त्यावर वरवंट्याने असा बेताने ठोका घालायची की त्याच्या बरोबर दोन डाळी व्हायच्या. आतून पांढऱ्या, सपाट, बाहेरून तपकिरी, गुळगुळीत, फुगीर. असे चार निवडायचे. एक पांढरा वर आला की एक, दोन आले की दोन, तिनाला तीन. चारही पांढरे म्हणजे चल्लस, त्याचे चार. आणि चारही तपकिरी, म्हणजे एकही पांढरा नाही, त्याचे आठ! चल्लस किंवा आठ पडलं की आणखी एकदा टाकायला मिळायचं. चटईच्या बाहेर एकही चिंचोका गेला तर दान बाद. माझा भाऊ, म्हणजे हिचा बाप, चिंचोके उडवायच्या ऐवजी हळूच घसटून सोडायचा आणि आजी त्याच्या मनगटावर पळी मारायची.

दान. रात्री दोन वाजता पंख्याकडे बघत पडले असताना तो शब्द आठवला आणि मी उठून बसले. मुठीत चिंचोके असतात तेव्हाही आपण त्याला दानच म्हणतो, "तुझं दान," "टाक दान." आणि जमिनीवर पडल्यावरही दानच, "किती दान पडलं?" "तीन." एकच शब्द, पण त्यात दोघंजण राहतात. मुठीतलं दान आणि पडलेलं दान. थोरला एक्स आणि धाकटा एक्स. मुठीतलं दान बरोबर तीन पडण्याची संभाव्यता किती, एवढंच ते वाक्य विचारत होतं. आम्ही ते नवव्या वर्षी रोज दुपारी विचारत होतो, कोळशाने हात काळे करून.

नीट बघितलं तर आणखी एक गंमत आहे. चिंचोक्यांना आकडे माहीत नसतात. जमिनीवर पडतं ते पांढरा-तपकिरी-तपकिरी-पांढरा असं काहीतरी. चार चिंचोक्यांच्या अशा सोळा तऱ्हा होतात. त्यातल्या कुठल्या तऱ्हेला किती म्हणायचं हे आपण ठरवलेलं असतं, आणि एकही पांढरा नसला तर शून्य न म्हणता आठ म्हणायचं हे तर निव्वळ आपलं लाडाकोडाचं. सोळा तऱ्हा एकीकडे, पाच आकडे दुसरीकडे आणि मधला तो करार, तो थोरला एक्स. पुस्तक त्यालाच नमुना अवकाशावरचं फलन म्हणतं. म्हणजे नाव यादृच्छिक चल, पण करार यादृच्छिकही नाही आणि चलही नाही. मुठीत काय होतंय ते होवो, करार आजीसारखा आहे, जागचा हलत नाही. नशिबाचा कारभार चिंचोके पडण्यापुरताच.

आणि वितरण, म्हणजे कुठल्या आकड्याची किती संभाव्यता ते, ही सोळा आण्यांची वाटणी. हे मला उजाडता उजाडता सुचलं आणि मी एकटीच हसले. पुस्तकात सगळ्या संभाव्यतांची बेरीज एक यायला हवी असते. आपल्याकडे खात्रीला सोळा आणेच म्हणतात. चारही पांढरे पडायची एकच तऱ्हा, चारही तपकिरीची एकच. एक पांढरा पडायच्या चार, तीन पडायच्या चार, दोन पडायच्या सहा. तेव्हा दोनाला सहा आणे, एकाला आणि तिनाला चार-चार आणे, चल्लसला एक आणा, आठाला एक आणा. झाला रुपया. एवढं त्या रात्री पावटे सोलता सोलता सांगता आलं असतं. पण सकाळी भाचीला सातचा क्लास होता, ती दूध पिऊन पळाली, आणि माझं शहाणपण ओट्यापाशीच राहिलं.

मग मी एक वेडेपणा केला. बरणीतल्या चिंचेतून चिंचोके काढले, धुतले, वाळवले. वरवंटा आता घरात नाही, खलबत्त्याने फोडले. सहा फुकट गेले तेव्हा चार धड डाळी मिळाल्या. आणि दुपारभर जमिनीवर चटई टाकून शंभर वेळा दान टाकलं. वहीत रेघा मारत गेले, पाचवी रेघ आडवी. खालच्या मजल्यावरच्या बाई टकटक कसली म्हणून विचारायला आल्या तेव्हा वाटाणे सोलतेय असं सांगितलं, का ते माहीत नाही. शेवटी हिशेब असा: आठ ३ वेळा, एक १४ वेळा, दोन ३६, तीन ३३ आणि चल्लस १४ वेळा. सोळा आण्यांच्या वाटणीप्रमाणे चल्लस आणि आठ दोन्ही शंभरात सहा-सहा वेळा यायला हवेत. इथे चल्लस त्याच्या दुपटीहून जास्त आणि आठ निम्मंच.

कारण माझ्या बोटांना आधीच कळलं होतं, डोक्याला उशिरा कळलं. चिंचोक्याची डाळ म्हणजे नाणं नव्हे. एक बाजू फुगीर आहे, एक सपाट. माझे चिंचोके फुगीर पाठीवर जास्त वेळा विसावत होते, कासव उलटं पडावं तसे, पांढरं पोट वर. चारशेपैकी २४१ वेळा पांढरं. दहातले सहा धरले तर वाटणी पार बदलते: चल्लसला दोन आणे, आठाला जेमतेम अर्धा आणा, दोनाला आणि तिनाला साडेपाच-साडेपाच. करार तोच, आकडे तेच, पण आण्यांची वाटणी वेगळी. थोरल्या एक्सची ओळख करून द्यायची तर दोन्ही सांगावं लागतं, काय काय पडू शकतं आणि कशावर किती आणे लागलेत. आणि मग लक्षात आलं की जे दान सर्वांत दुर्मीळ, त्यालाच आमच्याकडे सर्वांत मोठा आकडा दिलेला होता. आजीने हे मोजलं नव्हतं. तिच्या सासूनेही नसेल. पण इतक्या दुपारी इतक्या बायकांनी इतकी दानं टाकल्यावर कुणाच्या तरी हाताला ते कळलं असेल, असं मानायला मला आवडतं.

शंभर दानांची बेरीज २६५ भरली, म्हणजे दर दानाला सरासरी २.६५. अगदी निष्पक्ष चिंचोके असते तर हिशेबाने अडीच आली असती. याला पुस्तकात अपेक्षित मूल्य म्हणतात, आणि मला या नावाचा जुना राग आहे. बुद्धिबळातला घोडा सोडला तर अडीच घरं कोण चालतं? जे कधीच पडणार नाही त्याचीच अपेक्षा ठेवायची! आमच्या घरात सगळ्यांच्या एकमेकांकडून अपेक्षा अशाच होत्या, पण तो विषय वेगळा.

हे अडीच मला भाचीच्या तोंडूनही ऐकायला मिळालं, तेही अचानक. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, चार पर्याय, चुकलं तर गुण कापत नाहीत. शेवटचे दहा राहिले तर ती डोळे मिटून सगळे सी करणार आहे. "अडीच बरोबर येतातच गं आत्या, मैत्रिणीच्या क्लासमध्ये सांगितलंय." येतातच? दहा अंदाजांत एकही बरोबर न यायला जवळजवळ एक आणा आहे. पाच किंवा जास्त यायला सव्वा आणा. अडीच ही असे डोळे मिटून मारणाऱ्या सगळ्या मुलांची मिळून सरासरी आहे, एकट्या तिची नाही. तिची परीक्षा एकदाच होणार, तिला त्यातलं एकच दान मिळणार. जेईईत तर बरोबर आलं की चार आणि चुकलं की उणे एक. तिथे डोळे मिटून मारलेल्या एका बाणाची अपेक्षा हिशेबाने पाव गुण येते. चार आणे! मी हे सांगितलं तर तिने विचारलं, "चार आणे म्हणजे?"

तिला चार आणे माहीत नाहीत, कारण ३० जून २०११ पासून ते चलनातून गेले. मी तेव्हा बँकेत रोख काउंटरवर होते. लोक डब्यांतून, मोज्यांतून, एक आजोबा तर पानाच्या चंचीतून पाव रुपये घेऊन यायचे. मोजता मोजता बोटांना फरक कळायचा; काही नाणी कोरी, कडा बोचणाऱ्या, काही इतकी झिजलेली की गेंडा नुसता फुगवटा उरलेला. सगळी टांकसाळीतून निघताना एकाच वजनाची. मग कुणी कंडक्टरच्या चामडी पिशवीत वीस वर्षं काढली, कुणी देवघरात. त्या दिवसांत मला नेहमी दामोदर कोसंबींची आठवण यायची. गोव्यातल्या कोसबेंत १९०७ साली जन्मलेला हा माणूस पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचा आणि तक्षशिलेला सापडलेली आहत, म्हणजे ठसे ठोकलेली प्राचीन नाणी तराजूत घालून बसायचा. त्यांचं म्हणणं असं की नाणं जितके हात फिरतं तितकं झिजतं, म्हणून जुन्या नाण्यांचं सरासरी वजन उतरतं. पण नुसतं उतरत नाही, वजनांची पांगापांगही वाढत जाते, कारण प्रत्येकाच्या वाट्याला सारखे हात येत नाहीत. हे खरं की खोटं बघायला त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही हजारोंनी तोलली. एक नाणं तोलून काहीच कळत नाही. ढीग तोलला की त्यात बाजार दिसायला लागतो, माणसांची ये-जा दिसायला लागते. काउंटरवर माझ्यासमोर तो ढीग रोज होता आणि मी तो नुसता मोजून पिशवीत भरला. तराजूसुद्धा होता.

एका माणसाचं आयुष्य हे एकच नाणं. आजीचं तेराव्या वर्षी लग्न झालं. पट खेळताना तिला कधीतरी मी विचारलं होतं, तुला हे घर आवडलं होतं का? ती चिंचोके मुठीत घोळवत म्हणाली, "आम्हाला कोण विचारतंय बाई. कन्या म्हणजे दानच की. टाकलं ते टाकलं." आणि मुठीवर फुंकर मारून तिने दान टाकलं. काय पडलं आठवत नाही. तेव्हा मला तो विनोद वाटला होता. आज वाटतं, तिच्या वयाच्या सगळ्या पोरींची वाटणी मांडली तर तिला पडलं ते वाईट होतं की त्यातल्या त्यात बरं, हे तिला स्वतःला तरी कसं कळणार होतं? तिने धाकटा एक्सच पाहिला, एकदाच. शेजारणींचे पाहिले असतील, पण त्या तरी खरं कुठे सांगायच्या.

आपल्याकडे दानाचं हे गणित खूप जुनं आहे, पण आपण ते गोष्टीत ठेवून दिलं. महाभारताच्या वनपर्वात, सारथी झालेला नळ रथ हाकत असताना, ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे बघतो आणि दोन फांद्यांवर पानं किती, फळं किती, ते सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून झाड पाडतो, फळं मोजतो आणि आकडा जुळतो. मग राजा त्याला अक्षहृदय शिकवतो, फाशांचं मर्म, आणि नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. झाड बेहड्याचंच का, तर जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तातही तीच आहेत. कृत, त्रेता, द्वापर, कली ही युगांची नावंही मुळात दानांची; कृत म्हणजे चाराचं आणि कली म्हणजे एकाचं, हरणारं. आजी "कलियुग आलंय गं" म्हणायची तेव्हा ती पटावरचंच बोलत होती, तिला ठाऊक नसलं तरी. मला मात्र त्या गोष्टीत राजापेक्षा नळ जास्त आवडतो. एवढी घाई असताना उतरला आणि मोजत बसला.

पंधरा दिवसांनी भाची परत आली, या वेळी चाचणीचा पेपर घेऊन. व्याख्येला दोनपैकी दोन होते. "लिहून टाकलं," ती म्हणाली, बहुतेक मला टोमणा म्हणूनच. मी काही न बोलता चटई घातली, मोबाइलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने पट आखला आणि चार चिंचोके तिच्या हातात दिले. तिने ते नाकाशी नेऊन हुंगले. चिंचेचा वास धुऊनही गेला नव्हता. मी सांगितलं, आता तुझ्या मुठीत आहे तो कॅपिटल. खाली पडेल तो स्मॉल. ती एकदम गप्प झाली, मूठ मिटली, उघडली, आत पाहिलं, परत मिटली. "म्हणजे हा आकडाच नाहीये," ती म्हणाली. "हा अजून सगळे आकडे आहे." मी म्हटलं, सगळे सारखे नाहीत हां, कुणाला सहा आणे, कुणाला एक. मग आण्यांवरून परत सुरुवात करावी लागली आणि चहा दोनदा गरम झाला.

तिने दान टाकलं ते भलतंच जोरात. दोन पांढरे चटईवर, एक तपकिरी कडेला, आणि चौथा टणटण उड्या मारत शोकेसखाली गेला.

"दोन किंवा तीन," मी म्हणाले.

"थांब ना. आत्या, हा पडलाय, पण दिसत नाहीये. मग हा कॅपिटल की स्मॉल?"

मी सांगणार होते की चटईबाहेर गेलं की दान बाद, पणजीचा नियम आहे. पण ती तोवर फरशीवर पालथी झाली होती, गाल जमिनीला टेकवून, मोबाइलची बॅटरी शोकेसखाली धरून. खाली काय काय होतं. एक पेनाचं टोपण, धुळीचा गोळा, मी वर्षभर शोधत असलेलं कानातलं. "दिसला," ती म्हणाली, "पण भिंतीला टेकून उभा आहे."

मी पालथी व्हायला गेले आणि गुडघा म्हणाला नको.

"कुठल्या बाजूला कललाय?"

"सांगते, थांब. पट्टी दे."